सिरिंजमधलं पाणी

"फादर येईपर्यंत ती राहायची नाही," डॉक्टर नर्सच्या कानाशी पुटपुटले.

काचेच्या पेटीत वीतभर मुलगी. जन्मून जेमतेम तीन तास झालेले. बाप फादरना आणायला गेलेला, तो वाटेतच अडकला होता. आई सलाईनसकट चाकाच्या खुर्चीत बसून होती. तिने नर्सचा हात घट्ट धरला.

"तुम्हीच बाप्तिस्मा द्या, सिस्टर. माझा हात पेटीत पोचत नाही. अशा वेळी कुणीही दिला तरी चालतो."

नर्स ख्रिस्ती नव्हती. खरं तर कुठल्याच देवाशी तिचं फारसं जमत नव्हतं. पण हे त्या बाईला सांगायची तिची छाती झाली नाही. तिने सिरिंजमध्ये पाणी भरलं, मुठीत धरून कोमट केलं. आई एकेक शब्द सांगत गेली. नर्स तो उच्चारत बाळाच्या कपाळावर पाणी सोडत गेली. "पित्याच्या... पुत्राच्या... आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते."

पोरगी चिवट निघाली. जगली.

पाच महिन्यांनी आमंत्रण आलं. 'तेव्हा घाईघाईत झालं, आता चर्चमध्ये रीतसर करतोय. तुम्ही हव्यातच.' नर्सची झोप उडाली. आपण केलं ते पुण्य की फसवणूक? कुणाला विचारायचं तेही कळेना.

शेवटी समारंभाआधी ती चर्चमागच्या खोलीत शिरली. फादर झगा चढवत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पाणी डोक्यावरून वाहिलं?" फादरनी विचारलं.

"हो."

"शब्द हेच?"

"हेच."

"आणि मनात काय होतं?"

"काहीच समजत नव्हतं, फादर. तिच्या आईला जे हवंय ते त्या लेकराला मिळावं, एवढंच."

फादर तसेच बाहेर गेले. मंडळी ताटकळत बसली होती.

"आज बाप्तिस्मा होणार नाही," ते म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. दाराआड उभ्या नर्सने कपाळाला हात लावला. कुठून अवदसा आठवली नि तोंड उघडलं!

"तो झालाय," फादर पुढे म्हणाले. "एकदाच होतो. माणूस फक्त पाणी ओततो, देणारा वेगळाच असतो. तेल, मेणबत्ती, आशीर्वाद, बाकीचं सगळं करू. पाणी मात्र नाही."

मग त्यांनी जाडजूड नोंदवही उघडली. बाळाचं नाव लिहिलं. तारीख पाच महिन्यांपूर्वीची घातली. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं. त्यांनी नर्सला हाक मारून जवळ बोलावलं.

"बाप्तिस्मा कोणी दिला, ते इथे लिहायचं असतं. तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिने तोंड उघडलं. पण काही केल्या तिला स्वतःचं नावच आठवेना.