मनगटाचा वळसा

लोखंडी गोळा पुन्हा तिच्या हातावर धप्पकन आपटला आणि मास्तरीणबाईंना बरं वाटलं.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला सगळ्यांनाच लागतं."

हे धडधडीत खोटं होतं. व्यायामाच्या क्लासात शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या बँकेतल्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. केटलबेल, म्हणजे हा कडीचा गोळा, लांबून झोका देत वर आणायची नाही, कोटाची चेन ओढावी तशी अंगालगत आणायची. मूठ आवळायची नाही. गोळा छातीशी आला की पंजा कडीत आत सरकवायचा आणि मनगटाने गोळ्याला वळसा घालायचा. मग तो हातावर कोलांटी मारत नाही, अलगद येऊन टेकतो. एवढं कळलं की नवशिक्याच्या हातालाही डाग पडत नाही. हिला मात्र त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. वर गोळाही तिला झेपेल त्यापेक्षा जड दिला होता.

ही म्हणजे त्यांच्या घटस्फोटित नवऱ्याची दुसरी बायको. त्याचं त्यांना काही नव्हतं. नवरा गेला, ब्याद गेली. पण मास्तरीणबाई घर सोडून निघाल्या तेव्हा दोन्हीकडची माणसं समजूत घालायला बसली होती, आणि आपला स्वभाव किती शांत आहे हे सांगायला त्याने तेव्हा त्याच्याच ऑफिसात असलेल्या हिला बोलावून आणलं होतं. मास्तरीणबाईंनी काय सोसलं ते सगळं सांगून झालं. मग ही खाली बघत म्हणाली, "टाळी काही एका हाताने वाजत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरीणबाईंच्या सख्ख्या भावानेसुद्धा. त्या डोलणाऱ्या माना मास्तरीणबाई जन्मात विसरणार नव्हत्या.

आणि एक दिवस हीच बाई क्लासच्या दारात उभी राहिली. ओळख दाखवली नाही. मास्तरीणबाईंनीही दाखवली नाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी त्यांची गत झाली. तेव्हापासून त्या आरशासमोरच्या रबरी चटईवर तिला उभी करत आणि तिच्या हाताचा रंग बदलताना बघत राहत. आधी लाल, मग निळा, मग पिकल्या पानासारखा पिवळट हिरवा. बँकेतल्या बाई कळवळून म्हणाल्या की तिला निदान मनगटाचे पट्टे तरी द्या. पट्ट्यांनी सवय बिघडते, असं मास्तरीणबाईंनी ठोकून दिलं.

एकच गोष्ट त्यांना खुपत होती. ही बया हूं की चूं करत नव्हती. बाही कोपरापर्यंत वर सारायची, त्याच्या वर कधी नाही, आणि डाग असे मिरवायची की जणू बक्षीस मिळालंय. कोणी विचारलं तर हसून सांगायची, क्लासमध्ये लागलं.

आज मास्तरीणबाईंनी गोळा डोक्यावर न्यायला सांगितला. तिने तो कसाबसा वर नेला. सारून सारून सैल झालेली बाही सरकत खांद्याशी गेली. दंडाच्या आतल्या बाजूला चार डाग होते, एका ओळीत. त्यातल्या एकाशी छोटा चौकोनी वण होता.

मास्तरीणबाईंचा हात आपसूक स्वतःच्या दंडावर गेला. तो चौकोनी खडा त्यांच्या ओळखीचा होता. नवऱ्याने बोटातली खड्याची अंगठी काही बदलली नव्हती.

बाकीच्यांना त्यांनी पाणी प्यायला पिटाळलं.

"हे कुठे लागलं?"

"क्लासमध्ये." उत्तर तयारच होतं.

"गोळा दंडाला आतून लागत नाही."

तिने बाही खाली ओढली.  मग म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले, ताई. दुसऱ्या कोणी पहिल्याच दिवशी नीट शिकवलं असतं. तुम्ही शिकवणार नाही, याची मला खात्री होती." घरी-दारी आता कोणी काही विचारत नाही, असंही तिने सांगितलं. कुठेही काही दिसलं, तरी क्लासच्या नावावर खपतं. तेवढं नीट शिकवू मात्र नका, अशी तिने विनवणी केली.

 इतके दिवस आपण हिच्यावर सूड उगवतोय अशा समजुतीत मास्तरीणबाई होत्या. प्रत्यक्षात त्याच्या बोटांवर पांघरूण घालायचं काम त्यांनी बिनपगारी केलं होतं. इतका संताप त्यांना घर सोडतानाही आला नव्हता. हिच्यावरचा राग विरला असं नाही. पण त्याला आता खरं घर सापडलं.

 त्यांनी हलका गोळा आणून तिच्या पायाशी ठेवला. तिचा पंजा हातात धरून कडीत सरकवला, कोपर अंगाशी दाबलं आणि मनगटाचा वळसा दाखवला. दुसऱ्या खेपेला गोळा आवाज न करता तिच्या हातावर येऊन टेकला. ती गोळ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"आता मी लोकांना काय सांगू?"

मास्तरीणबाईंनी खुंटीवरची पर्स काढली आणि तिची चप्पल तिच्यापुढे सरकवली.

"चल डॉक्टरकडे. बाहेरचे डाग माझे, मुद्दाम पाडलेले, ते मी चारचौघांत कबूल करीन. आतले कोणाचे ते तू सांगायचं. बघू, या वेळी कोण माना डोलावतं."