जेवणाआधी आवरायचं शहर
मुलांनो, ओसाकातलं दोन खोल्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. जेवणाच्या बुटक्या टेबलावर चिसाने आजोबांसोबत शहर उभारलं. दुधाच्या खोक्यांच्या इमारती, निळ्या टॉवेलची नदी आणि पुलावर बोटभर लाल बस. आजोबांनी जन्मभर खरी बस अशाच पुलावरून चालवली. "आजोबा, हॉर्न द्या ना!" "पों पों! सरका, म्हातारा येतोय!" तेवढ्यात आई भाताचं भांडं घेऊन आली. "चला, आवरा. टेबल हवंय." चिसाने शहर मोडून डब्यात भरलं. घर लहान, खेळून झालं की उचलून ठेवायचं, हे तिला पाठ होतं. आजोबा चाचरत आईला म्हणाले, "आजची रात्र राहू का गं? वृद्धाश्रमात झोप लागत नाही." "कुठे झोपणार, बाबा? डब्यात?" आजोबांनी नातीकडे आशेने पाहिलं. चिसा उठली. दाराशी जाऊन तिने, निघणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडतात तसे, आजोबांचे बूट बाहेरच्या दिशेला वळवून नीट मांडले.