डोक्याचं ऑपरेशन, दुखणं पायाला

माझे बाबा फुटबॉलचे समालोचक. सामना सुरू झाला की तोंडाचा पट्टा चालवायचा, हाच त्यांचा धंदा. मेंदूकडे रक्त नेणारी त्यांची वाहिनी बंद पडली, तेव्हा बायपास करावी लागेल असं सर्जनबाईंनी सांगितलं. पुढेही त्यांनी बरंच समजावलं, पण "वाचा जाऊ शकते" एवढं ऐकल्यावर आईच्या कानात बाकीचं काही शिरलंच नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले. आम्ही मायलेकी श्वास रोखून त्यांच्यावर वाकलो.

"पाय," बाबा पुटपुटले. "पाय दुखतोय."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! ऑपरेशन डोक्याचं आणि दुखतोय पाय? आत सगळं उलटसुलट जोडलं की काय?"

तपासायला आलेल्या सर्जनबाईंना हसू आवरेना. "अहो, सगळं जागच्या जागी आहे. बंद वाहिनीला वळसा घालायला चांगली लांब शीर लागते. ती आम्ही यांच्याच गुडघ्याजवळून काढली आणि वर मेंदूत नेऊन जोडली. मग पाय दुखणारच ना!"

बाबांनी हे नीट ऐकून घेतलं. मग हळूच आईकडे मान वळवली आणि पट्ट्या बांधलेल्या डोक्यानं, खणखणीत आवाजात म्हणाले,



"ऐकलंस? माझी अक्कल गुडघ्यात आहे म्हणून जन्मभर ओरडत होतीस ना? आली बघ एकदाची वर!"