बिनझाकणाची बरणी

वरचा बोल्ट काही केल्या हलेना.

गाडी घरासमोर टेकूच्या चार लोखंडी घोड्यांवर चढवली होती. पुढचं डावं चाक काढून बर्निस हुडाक त्या पोकळीत कमरेपर्यंत शिरली होती. घोड्या शेजारच्या चेस्टरच्या, त्यामुळे तो कॉफीचा मग घेऊन कुंपणापलीकडे हक्काने बसला होता. तुझे नुसते पायच दिसतायत, जिवंत आहेस ना, असं त्याने मघाशी विचारलं होतं. बाकीची मी गिअरबॉक्सपाशी आहे, असं उत्तर त्याला मिळालं होतं.

तिचा मुलगा रँडी पायरीवर उभा राहून घड्याळ बघत होता. फिकट रंगाची, कडक इस्त्रीची पँट घालून आला होता तो. इथूनच गाडी घेऊन परस्पर ती विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचा त्याचा बेत होता. गेल्या रविवारी चर्चच्या चढणीवर गिअर बदलताना गाडीने असा हिसका दिला की त्याचं डोकं मागे आपटलं. त्याच्या मते दोघींचंही वय झालं होतं, गाडीचं आणि आईचं. बर्निसने त्याच्याकडून आजच्या दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. त्याच चढणीवर पुन्हा जायचं. हिसका बसला तर किल्ली रँडीची, आणि ती कायमची.

गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं की या गिअरबॉक्समधलं तेल गाडी भंगारात जाईपर्यंत बदलावं लागत नाही. ते त्याने आता तिसऱ्यांदा ऐकवलं.

"शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली मी," बर्निस आतून म्हणाली. "बदलावं न लागणारं तेल मला अजून भेटायचंय."

रँडी कंटाळून खाली उतरला, पँट सांभाळत उकिडवा बसला आणि दुसरा पाना गिअरबॉक्सच्या तळाच्या बोल्टला लावला. हा सैल वाटतोय, तो म्हणाला, तोवर जुनं तेल तरी वाहून जाऊ दे, वरचं मागाहून बघू.

"हात काढ."

आवाज चढवला नव्हता तिने. खालून जुनं तेल निघतं, वरून नवं घालतात. खालचं सोडलं आणि वरचं उघडलंच नाही, तर गिअरबॉक्स कोरडा राहतो. मग गाडी तिथल्या तिथे अडकते, आणि ती उचलून न्यायला ट्रक बोलवावा लागतो. पोट रिकामं करण्याआधी तोंड उघडतंय का ते बघावं, ती म्हणाली. चेस्टरने मान हलवली. त्याच्या मेहुण्याची गाडी याच घाईपायी अकरा दिवस घोड्यांवर उभी होती.

रँडीने पाना खाली ठेवला, पण ठेवायला जरा वेळ घेतला.

बर्निस बाहेर आली. कोपरापर्यंत काळी झाली होती. ती गॅरेजमध्ये गेली आणि रँडीने नाताळात आणलेला वॉकर घेऊन आली. भेटीची लाल फीत अजून त्याच्या आडव्या नळीला बांधलेली होती. बटण दाबून तिने त्याचा एक पाय ओढून काढला आणि पान्याच्या दांड्यावर चढवून बघितला. बरोबर बसला.

"आई, तो तुला चालायला आणलाय."

"मग मी कुठे नाही म्हणतेय," ती म्हणाली आणि पुन्हा आत शिरली.

दांडा दुप्पट लांब झाला होता, त्यामुळे निम्माच जोर पुरला. बोल्ट एकदा करकरला आणि फिरला.

मग तिने तळाचा बोल्ट सोडला. जुनं तेल परातीत पडलं, काळं आणि जळकट वासाचं. तिने ते हुंगलं; शाळेत तळणीचं तेल ती असंच नाकाशी नेऊन बघायची. टोमॅटो भरून ठेवायच्या काचेच्या बरण्या तिने कठड्यावर मांडल्या. काळ्या तेलाच्या तीन भरल्या आणि चौथी अर्धी. त्यांच्या शेजारी तितक्याच बरण्या ठेवून तिने डोळ्यासमोर धरून, त्याच रेषेपर्यंत, नवं लाल तेल ओतलं. जेवढं निघालं तेवढंच आत गेलं पाहिजे. चेस्टरने विचारलं, या बरण्या जत्रेतल्या लोणच्या-मुरंब्यांच्या स्पर्धेला पाठवणार आहेस का. ती पातळी बघत होती.

तळाचा बोल्ट परत आवळला, मग नरसाळ्यातून तेल आत गेलं आणि वरचाही बोल्ट बंद झाला. चाक बसलं, गाडी जमिनीवर आली. ब्रेकवर पाय ठेवून तिने प्रत्येक गिअर लावला, प्रत्येक वेळी मनात पाचपर्यंत मोजलं. इंजिन तापल्यावर मोजपट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. मग हात धुतले आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसली.

रँडी शेजारी बसला. पट्टा बांधून होतो न होतो, तोच तिने काळ्या तेलाची एक भरलेली बरणी त्याच्या मांडीवर ठेवली. तेल काठापासून जेमतेम बोटभर खाली होतं.

"झाकण कुठेय?"

"झाकण नाही. हिसका बसला की नाही, यावर मला वाद नकोय. तुझी पँट सांगेल."

कुंपणापलीकडे चेस्टरला कॉफीचा ठसका लागला.

चढणीच्या पायथ्याशी रँडीने बरणी दोन्ही हातांनी धरली. बर्निसने गाडी तापवून घेतली होती, आता वेग वाढवला. पहिला गिअर. दुसरा. रँडी रस्त्याकडे बघत नव्हता. बरणीतलं काळं तेल एका बाजूला कललं, चढ होता तेवढंच, आणि तसंच कललेलं राहिलं. तिसरा गिअर पडला तो फक्त आवाजावरून कळला.

चर्चसमोर तिने गाडी थांबवली. रँडीने बरणीकडे बघितलं, मग पँटकडे. त्याने खिशातला फोन काढून गिऱ्हाइकाला काहीतरी लिहिलं, पाठवलं, आणि फोन पुन्हा आत ठेवला.

"आता तरी झाकण दे," तो म्हणाला.

"घट्ट धर," बर्निस म्हणाली आणि गाडी वळवली. "अजून उतार आहे."