हात सैल सोडा

टक् असा आवाज झाला, श्यामरावांचा उजवा अंगठा जागच्या जागी उडाला आणि प्रभाताईंनी आपली खुर्ची मागे सरकवली.

“हलला! आई, बघितलंस?” हेमांगी ओरडलीच. “कमाल है यार, बाबा!”

श्यामरावांनी काहीच केलं नव्हतं. पॅरालिसिसचा झटका आल्यापासून तो हात मांडीवर पडून असायचा, तसाच आताही पडला होता. डॉक्टर लुंबिनी त्यांच्या डोक्याला एक जाड कडं टेकवून उभी होती. चुंबकाचा ठोका बाहेरून मेंदूला द्यायचा आणि तिथला हुकूम हातापर्यंत पोचतो का ते पडद्यावर बघायचं, एवढीच तपासणी. पोर नागपूरची, मुनिरक्यात भाड्यानं राहणारी. दिल्लीत मराठी बोलणारी डॉक्टर मिळाली म्हणून लेक हरखली होती. प्रभाताईंना मात्र भीती वाटत होती, आणि ती काही त्या यंत्राची नव्हती.

सकाळपासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. हाताच्या व्यायामाचा पिवळा चेंडू त्यांनी स्वतः गव्हाच्या डब्यात खोल पुरून ठेवला होता आणि ‘हरवला बाई कुठे तरी’ असं घरात सांगून टाकलं होतं. आज डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तर चेंडू नाही! हेमांगीला सापडता, तर तिनं अख्ख्या करोल बागेत बोभाटा केला असता. आणि हे तर आधाराशिवाय स्वयंपाकघरापर्यंतही येत नाहीत. की येतात?

“काका, हात सैल सोडा,” लुंबिनी म्हणाली.

“सैलच आहे की. मेलाय तो.”

“पडद्यावरची रेघ थरथरतेय बघा. तुम्ही जोर लावताय.”

“मी? मी कुठला जोर लावतोय!” श्यामराव साळसूदपणे हसले.

प्रभाताई त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, बोटांकडे बघत होत्या. रेघ हळूहळू सरळ झाली. मघाशी जोर होता, आता नाही. म्हणजे यांना लावताही येत होता आणि सोडताही येत होता. हा हात लुळा पडल्यापासून प्रभाताईंना रात्री शांत झोप लागायची. त्याची लाज वाटायची, तरी लागायची.

आणखी बरेच ठोके झाले, कधी एक, कधी लागोपाठ दोन. मग लुंबिनी प्रभाताईंच्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी म्हणाली. त्या तशाच समोर बघत राहिल्या.

“आईला त्या कानानं ऐकू येत नाही,” हेमांगी घाईघाईनं म्हणाली.

“कशानं हो, काकू?” लुंबिनीनं उजवीकडे येऊन विचारलं.

“बाथरूममध्ये पडले होते.”

हेमांगीनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

“बरं, बातमी चांगली आहे,” लुंबिनी म्हणाली. “रस्ता शाबूत आहे. पण मेंदूला ब्रेकही असतो, आणि काकांचा जरा जास्तच आवळलाय. ठोक्यांनीच तो सैल करायचा प्रयत्न करता येईल. घरी व्यायाम चालू आहे ना? दिसतंय तसं.”

“कसला व्यायाम! चेंडूच हरवलाय,” हेमांगी म्हणाली.

श्यामरावांनी कपाळ पुसायला डाव्या हातानं खिशातला रुमाल ओढला. त्याच्याबरोबर पिवळा चेंडू बाहेर पडला, टप्पे घेत निघाला आणि प्रभाताईंच्या चपलेला येऊन लागला.

“बाबा! आप तो छुपे रुस्तम निकले!”

“म्हटलं, बरा होऊन एकदमच हिला चकित करावं,” श्यामराव म्हणाले.

सगळे हसले. प्रभाताईंनी वाकून चेंडू उचलला, पर्समध्ये कोंबला आणि चेन ओढली.

“डॉक्टर, तो ब्रेक एकदा सैल केला, की पुन्हा आवळता येतो का हो?”

“पुन्हा कशाला आवळायचा, काकू?” लुंबिनीला हसू आलं. तिनं कडं परत श्यामरावांच्या डोक्याला टेकवलं. “हा शेवटचा हं, काका.”

टक्.

या वेळी अख्खा पंजा उचलला गेला. प्रभाताईंची मान खाली गेली आणि तळहात डाव्या कानावर आला.

लुंबिनीनं श्यामरावांच्या हाताकडे पाहिलं, मग त्या कानाकडे. तिनं कडं खाली ठेवलं.

“मॅम, नेक्स्ट डेट?” हेमांगीनं विचारलं.

“ती मी काकूंशी बोलून ठरवते,” लुंबिनी म्हणाली. “तुम्ही काकांना घेऊन बाहेर बसा.”