दोष दूर झाला

गॅरेजमध्ये इस्माईलभाईंनी इंजिनात चौथा कॅमशाफ्ट सेन्सर बसवला. "दोष दूर झाला," गाडी गोड आवाजात म्हणाली. महिन्यात चौथ्यांदा ती हेच म्हणत होती.

वृंदा तेरसे निघायला उठली. मागच्या सीटवर सुजलेले पाय घेऊन तिची आई बसली होती. घाटाखाली अकरा वाजता डायलिसिस होतं.

"थांबा ताई." इस्माईलभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवला आणि त्याची मूठ वृंदाच्या कानाला लावली. आत काहीतरी खडखडत होतं.

"पहिला सेन्सरही चांगलाच होता. इंजिनातली टायमिंग चेन लूज झालीय, म्हणून कॅमची जागा चुकतेय; सेन्सर तेच सांगतोय. उतारावर तुटली तर इंजिन बंद, ब्रेकही जड."

"मग चेन बदला ना!"

"गाडीनं सांगितल्याशिवाय इंजिन उघडलं, तर ती स्वतःला कायमचं कुलूप लावते. कंपनीचा तसा नियमच आहे. आणि ही बया सेन्सरशिवाय दुसरं नाव घेत नाही."

"दुसरी गाडी मिळेल?"

"अकराच्या आत? नाही."

वृंदा आत बसली.

"प्रवास सुरक्षित आहे. कृपया पट्टा लावा," गाडी म्हणाली.

वृंदानं मागे वळून आधी आईचा लावला.