बिया काढलेल्या फोडी

सून आपल्या जिवावर उठलीय, हे अण्णांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. म्हणून तिने आणलेल्या बशीतली पहिली फोड ते पिंजऱ्यातल्या राघूला भरवत आणि तो टुणटुणीत राहिला तरच उरलेल्या स्वतः खात.

आज मात्र ती कळवळलीच. "अहो अण्णा, सफरचंदाच्या बिया पोपटाला विषासारख्या! त्या मुक्या जिवाचा काय गुन्हा? त्याच्या फोडी बिया काढून वेगळ्या बशीत आणल्यात."

"मुका कसला, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो!" अण्णा हसले. पोरीचं काळीज अगदीच दगडाचं नव्हतं म्हणायचं.



राघूने आपली बशी फस्त केली, आणि तो ठणठणीत आहे हे नीट बघूनच अण्णांनी निर्धास्तपणे स्वतःची बशी पुढे ओढली.